मणक्यातला जंतू कोणता, हे आधी विचारा

पत्र : नमस्कार डॉक्टर. माझे मामाजी (सासरे) ६३ वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून शुगर आहे. दिवाळीपासून त्यांची पाठ दुखते, कमरेच्या थोडं वर. आधी ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून गोळ्या, शेक, पट्टा सगळं झालं. ओळखीच्या एका मालिशवाल्याकडेही नेलं. मधे लघवीला जळजळ होत होती, तेव्हा आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दहा दिवस दिलं. तेव्हा पाठही जरा बरी वाटली, मग पुन्हा जैसे थे. त्या गोळ्या बंद होऊन पंधरा दिवस झाले. आता रात्री दुखण्यानं झोप लागत नाही. सहा किलो वजन उतरलं. ताप नाही. धंतोलीत एमआरआय केला, त्यात ‘डी ११–डी १२ इन्फेक्टिव्ह स्पॉन्डिलोडिस्कायटिस, पॅराव्हर्टेब्रल कलेक्शन, कॉक्स?’ असं लिहून आलंय, म्हणजे पाठीच्या अकराव्या-बाराव्या मणक्यात आणि मधल्या चकतीत इन्फेक्शन, बाजूला पू. ईएसआर ७८, सीआरपी ४२, पांढऱ्या पेशी नॉर्मल. एक डॉक्टर म्हणतात टीबीच आहे, उद्यापासून एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा. दुसरे म्हणतात आधी बायोप्सी, म्हणजे सुईनं मणक्याचा तुकडा काढून तपासणी. मोठे भाऊजी म्हणतात, ‘पाठीत सुई टोचली की माणूस खाटेलाच लागते, काही गरज नाही.’ पुण्याची नणंद म्हणते, सरळ ऑपरेशन करून टाका. घरात माझा तीन वर्षांचा मुलगा आहे, तो आजोबांजवळच झोपतो. त्याला दूर ठेवायचं का? आम्ही नेमकं काय करावं?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, पत्रात चार मतं आहेत आणि माझं मत दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूनं आहे. आधी बायोप्सी, मग औषध. पण त्याआधी एक काम आजच, हे वाचून झाल्याबरोबर करा. मामाजींना घरातल्या घरात चालायला लावा आणि त्यांच्या पायांकडे बघा.

चालताना अडखळतात का? पाय जड, ताठ वाटतात का? चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि त्यांना कळतच नाही, असं होतं का? हा प्रश्न मी मणक्याच्या प्रत्येक पेशंटला विचारते, कारण ‘पायात ताकद कमी आहे का’ म्हटलं की आपली वडीलधारी माणसं ‘नाही, बरं आहे’ म्हणून मोकळी होतात. चपलेचं मात्र खरं सांगतात. लघवी अडकते का, किंवा लागल्याचं कळत नाही का, बसायच्या जागी बधिर वाटतं का, हेही विचारा. सुनेला सांगायला लाजतील, म्हणून मुलानं विचारलेलं बरं. डी ११–डी १२ च्या मागे मज्जारज्जूचा शेवटचा भाग असतो. तिथला पू मागे सरकून त्याच्यावर दाब आला, तर पाय आणि लघवी दोन्हींवर परिणाम होतो. यातलं एकही लक्षण दिसलं, किंवा थंडी वाजून ताप भरला, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. ओपीडीचा नंबर, ओळखीच्या डॉक्टरांची वेळ, काही बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मणक्याचं ऑपरेशन होतं अशा रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, मिहानमधलं एम्स आहे, रामदासपेठ-धंतोलीतही मणक्याचे सर्जन आहेत. पायातली ताकद जायला लागली की निर्णय तासांच्या हिशेबात घ्यावे लागतात. तेव्हा अँटिबायोटिकसाठीही कोणी बायोप्सीची वाट बघत नाही आणि बघूही नये.

पाय ठीक आहेत, ताप नाही, असं धरून पुढचं सांगते.

तुमचे चार महिने ‘गॅप’मध्ये गेले याचं मला आश्चर्य वाटत नाही. पाठ दुखणाऱ्या शंभरातल्या बहुतेकांना इन्फेक्शन नसतंच, आणि साठीनंतर एक्स-रे काढला की कुठेतरी गॅप दिसतोच. पण या दुखण्याची ठेवणच वेगळी असते. झीज झालेली पाठ आडवं पडलं की निवते. इन्फेक्शनची पाठ झोपल्यावरही ठणकते, रात्री जास्त, आणि त्या एका मणक्यावर बोटानं हलकं ठोकलं तरी माणूस दचकतो. त्यात शुगर, उतरलेलं वजन आणि लघवीचं इन्फेक्शन. हे चार धागे एकत्र आले की मणक्याची तपासणी पुढे ढकलायची नसते. एक्स-रे सुरुवातीचे काही आठवडे साफ दिसू शकतो. म्हणूनच एमआरआय लागतो, आणि तो तुम्ही केलात हे उत्तम.

‘ताप नाही आणि पांढऱ्या पेशी नॉर्मल, मग इन्फेक्शन कसलं?’ असं कुणीतरी म्हणालंच असेल. मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये अनेकांना ताप नसतो. पांढऱ्या पेशीही नॉर्मल राहू शकतात. ईएसआर आणि सीआरपी या रक्तातून शरीरातली सूज दाखवणाऱ्या चाचण्या, त्या मात्र सहसा वाढतात, आणि मामाजींचे दोन्ही वाढलेले आहेत. फक्त ते वाढण्यावरून जंतू कोणता हे कळत नाही.

मतभेद त्याच ठिकाणी आहे. एमआरआयच्या अहवालात ‘कॉक्स’ म्हणजे टीबी, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह रेडिऑलॉजिस्टनं प्रामाणिकपणे टाकलंय, आपण ते खोडू नये. आपल्याकडे मणक्याचा टीबी बराच आढळतो. पाठीचा हा भाग त्याची आवडती जागा, तो हळूहळू वाढतो, बाजूला पू साठवतो, आणि बरेचदा ताप येऊ न देता हे सगळं करतो. म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अंदाज वेडावाकडा नाही. मामाजींच्या जागी कुणीही असतं तरी माझ्याही मनात टीबी पहिला आला असता. पण ६३ वर्षांचा, शुगरचा, नुकतंच लघवीचं इन्फेक्शन झालेला माणूस म्हटला की दुसरी शक्यताही तितकीच जवळ येते. लघवीतले जंतू रक्तातून मणक्यात जाऊन बसतात. त्वचेच्या एखाद्या जखमेतून, पायाच्या चिरेतून स्टॅफिलोकॉकस जातो. मणक्यात पू करणाऱ्या साध्या जंतूंमध्ये तो पहिल्या नंबरवर आहे. तिसरीही एक शक्यता आहे, ती आपल्या भागात विसरली जाते. गावाकडे गाई-म्हशी, शेळ्या आहेत का? मामाजी कच्चं, न तापवलेलं दूध पितात का? ब्रुसेला नावाचा जंतू तिथून येतो. तो मणक्यात टीबीसारखाच दिसतो आणि त्याची औषधं वेगळी आहेत. डॉक्टरांना हे आपणहून सांगा, ते विचारायचे राहून जाऊ शकतात. कॅन्सरची गाठ सहसा दोन मणक्यांमधली चकती सोडून मणकाच खाते, त्यामुळे तुमच्या अहवालावरून ती शक्यता कमी वाटते. तरी बायोप्सीत तीही आपोआप तपासली जाते.

आता त्या दहा दिवसांच्या गोळ्या. लिव्होफ्लॉक्सासिन साध्या जंतूंवर चालतं आणि टीबीवरही थोडंफार चालतं. त्यामुळे ते घेतल्यावर पाठ जराशी बरी वाटली, यावरून ‘टीबी’ किंवा ‘टीबी नाही’ काहीच म्हणता येत नाही. उलट जंतू दबतो आणि तपासणीत सापडत नाही. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लघवीसाठी औषध दिलं, त्यांचा हेतू चुकीचा नव्हता. पण यापुढे पाठीचा निकाल लागेपर्यंत अँटिबायोटिकची एकही गोळी मणक्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पेशंट स्थिर असेल तर बायोप्सीआधी साधारण एक-दोन आठवडे अँटिबायोटिक बंद असावं असं बघतात. तुमचे पंधरा दिवस झालेच आहेत, म्हणजे ही वेळ बायोप्सीला चांगली आहे. ती एकेटी सुरू करून घालवू नका.

भाऊजींना समजवायचं काम तुमच्याकडे आलंय, तर त्यांना ही प्रक्रिया कशी होते ते सांगा. पेशंट पालथा झोपतो. जागा बधिर करतात. सीटी स्कॅनच्या पडद्यावर मणका आणि सुई दोन्ही दिसत असतात, आणि सुई मज्जारज्जूच्या बाजूनं, हाडाच्या वाटेनं किंवा पू साठलेल्या पिशवीकडे नेतात. ती डोळे मिटून टोचत नाहीत. रक्तस्राव, नसेला इजा असे धोके आहेत, पण ते क्वचित होतात. बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. खाटेला लावण्याची ताकद सुईपेक्षा त्या आजारात जास्त आहे, हे भाऊजींना माझ्या नावावर सांगितलंत तरी चालेल. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी सुरू असेल तर आधी सांगा. ती कधी थांबवायची हे डॉक्टर ठरवतील, तुम्ही स्वतःहून बंद करू नका.

बायोप्सीच्या आधी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करून घ्या. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घ्यायला सांगा. सोबत लघवीचं कल्चर, छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, किडनी आणि लिव्हरच्या चाचण्या. गावच्या दुधाचा इतिहास असेल तर ब्रुसेलाचीही. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरिअस सापडला तर बायोप्सीची गरजच उरत नाही. मात्र मग हृदयाच्या झडपांवर जंतू बसलेत का हे बघायला इको करावा लागतो. टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी कुणी लिहून दिली तर नम्रपणे नको म्हणा. भरवशाची नाही म्हणून भारत सरकारनं ती २०१२ मध्ये बंद केली. मॅन्टू (त्वचेवरची) किंवा आयजीआरए (रक्ताची) ही टीबीची चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी आपल्या देशात त्यावरून मणक्यातला आजार टीबीचाच आहे हे सिद्ध होत नाही. कितीतरी धडधाकट माणसांचं ते पॉझिटिव्ह येतं.

आणि आता सगळ्यात क्षुल्लक वाटणारी, पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. काढलेला तुकडा कशात ठेवणार, हे बायोप्सीआधी विचारा. फॉर्मलिनमध्ये टाकलेला नमुना पेशी बघायला उत्तम, पण त्यात जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. सगळा नमुना एकाच फॉर्मलिनच्या बाटलीत गेला आणि नंतर घरचे कल्चरच्या रिपोर्टची वाट बघत बसले, असं घडतं. म्हणून नमुना किमान दोन डब्यांत हवा : एक फॉर्मलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला, एक निर्जंतुक डब्यात सलाईनमध्ये मायक्रोबायॉलॉजीला. दुसऱ्या डब्यातून साध्या जंतूंचं कल्चर, बुरशीचं कल्चर, टीबीचं कल्चर आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) अशी मागणी हवी. सीबीनॅट यंत्रावर दोनेक तासांत होतं आणि टीबीचा जंतू रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो की नाही हेही सांगतं. टीबीचं कल्चर सावकाश चालतं, त्याला सहा आठवडेही लागू शकतात. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच असं होत नाही, मणक्याच्या नमुन्यात जंतू थोडेच असतात. तेव्हा हिस्टोपॅथॉलॉजी आणि कल्चर सोबत वाचावं लागतं. ‘मला डॉक्टरांना असं विचारता येईल का?’ असं वाटत असेल तर ही चार वाक्यं मोबाइलमध्ये लिहून घेऊन जा. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही.

पहिल्या बायोप्सीत काही सापडलं नाही, असंही होतं. मग पुन्हा नमुना घेतात, गरज पडली तर ऑपरेशन थिएटरमध्ये. तरीही हाती काही लागलं नाही आणि चित्र टीबीचंच असेल, तर डॉक्टर विचार करून एकेटी सुरू करतात, तेही योग्य. माझा आक्षेप नमुना न घेता सुरू करण्याला आहे. मणक्याच्या टीबीचं औषध वर्षभर चालतं. एवढी औषधं अंदाजानं सुरू केली आणि तिसऱ्या महिन्यात पाठ आणखी दुखू लागली, तर तेव्हा कोणालाच सांगता येत नाही की निदान चुकलं, की जंतू औषधांना दाद देत नाही, की हाड अजून भरतंय.

निदान झाल्यावरचं सांगते, थोडक्यात. साधा पू करणारा जंतू निघाला तर त्याच्यावर चालणारं अँटिबायोटिक आधी शिरेतून, मग जमेल तेव्हा गोळ्यांनी, बहुतेकांना एकूण सहा आठवडे. पूर्वी बारा आठवडे देत. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात सहा आठवडे तितकेच चालतात असं दिसलं. पू मोठा साठलेला असेल, जंतू चिवट असेल तर जास्त दिवस लागतात. ब्रुसेला असेल तर दोन-तीन औषधं मिळून साधारण तीन महिने.

टीबी निघाला तर पहिले दोन महिने चार औषधं, नंतर दहा महिने तीन. म्हणजे एक वर्ष, काहींना दीड वर्षापर्यंत. फुफ्फुसाच्या टीबीला सहा महिने पुरतात, त्यामुळे शेजारचं कुणी ‘आमच्याकडे सहा महिन्यांत झालं’ म्हणालं तर ऐकून घ्या आणि औषध चालू ठेवा. औषधं सरकारी क्षयरोग कार्यक्रमातून मोफत मिळतात. उपचार खासगी डॉक्टरांकडे असले तरी निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद करणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. त्या नोंदीवरच आहारासाठीचे महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात (नोव्हेंबर २०२४ च्या आधी हे ५०० होते). आधार आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेवा. ऑपरेशन किंवा भरती व्हायची वेळ आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले योजनेत बसतं का ते आधीच विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

शुगरबद्दल इथेच सांगते, कारण हे बहुतेक घरांत लक्षात येत नाही. रिफाम्पिसिनमुळे शुगरच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. पूर्वीच्याच डोसवर साखर अचानक वाढली तर मामाजींना पथ्यावरून बोलू नका. शुगरच्या डॉक्टरांना एकेटी सुरू असल्याचं सांगा, ते बदल करतील, काही काळ इन्सुलिनही देतील. लघवी नारिंगी होते, ती रिफाम्पिसिनची, तिला घाबरू नका. डोळे पिवळे झाले, सतत मळमळ, अन्नावरची वासना गेली तर लिव्हरची तपासणी त्याच दिवशी. इथॅम्ब्युटॉल या टीबीच्या औषधानं नजर धूसर झाली किंवा लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला, तर लगेच नेत्रतज्ज्ञाकडे. हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून पायरिडॉक्सिनची (व्हिटॅमिन बी ६) गोळी लिहिलेली आहे ना, ते बघा. शुगरवाल्यांना ती विशेष हवी.

नणंदेचा सल्ला : ऑपरेशन. पाय कमजोर होत असतील, मणका खचून अस्थिर झाला असेल, कुबड वाढत असेल, पू फार असेल किंवा औषध लागू पडत नसेल, तेव्हा ते करावंच लागतं. बाकी बहुतेकांचं औषधावर भागतं. मणक्याच्या टीबीत सगळ्यांना कापू नका आणि कुणालाच कापायचं नाही असंही नको, हा मधला मार्ग आपल्याच डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ मध्ये मांडला आणि जगभर मानला गेला. मामाजींचे पाय चांगले असतील, तर मी आज ऑपरेशनचा आग्रह धरणार नाही. मणक्याच्या सर्जननी एकदा तपासून घेतलेलं मात्र हवं.

तुमच्या मुलाचं. मणक्याचा टीबी असला तरी तो मणक्यातून हवेत पसरत नाही. पसरतो तो फुफ्फुसातला. छातीचा एक्स-रे साफ असेल आणि खोकला नसेल तर नातवाला आजोबांपासून तोडू नका. वेगळं ताट, वेगळा पेला, असलं काहीही करू नका, त्यानं म्हाताऱ्या माणसाचं मन खचतं. एक्स-रेत काही दिसलं तर बेडक्याची तपासणी होईपर्यंत मुलाला वेगळं झोपवा आणि त्यालाही डॉक्टरांना दाखवा.

घरात एवढं बघा. मालिश आजपासून पूर्ण बंद, आणि पाठीत दुखणं थांबवणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर नाही म्हणा. नाव-लेबल नसलेली ‘पाठीची पुडी’ही नको, तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, आणि त्यानं दुखणं दबतं, जंतू वाढतो, साखर चढते. उठताना आधी कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठायला शिकवा. इंडियन संडासावर खुर्ची ठेवा. पट्टा डॉक्टरांनी मापानं दिलेलाच वापरा, बसता-चालताना, आणि आत सुती बनियन घाला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पट्ट्याखाली घामोळं, मग पुरळ, मग पट्टा कोपऱ्यात पडलेला, हे दर उन्हाळ्यात दिसतं. कूलरसमोर बसवून दुपारी पट्टा थोडा सैल करायला हरकत आहे का, हे विचारून घ्या. अंडी, डाळ, दही, मांसाहार चालत असेल तर तोही. वजन भरलं की औषध लागू पडतंय हे मला रिपोर्टआधी कळतं.

औषध सुरू झाल्यावर साधारण चार आठवड्यांनी ईएसआर-सीआरपी पुन्हा करा. दुखणं, झोप आणि वजन सुधारतंय आणि हे आकडे उतरताहेत, तर दर महिन्याला एमआरआय करायची गरज नाही. पेशंट बरा होत असतानाही एमआरआय काही आठवडे वाईटच दिसतो, आणि तो बघून औषध बदलण्याच्या घाईत घरच्यांचे पैसे आणि झोप दोन्ही जातात. पुन्हा एमआरआय तेव्हा, जेव्हा दुखणं वाढेल, पायात फरक पडेल किंवा आकडे उतरायचं नाव घेणार नाहीत.

बायोप्सीला जाताना एमआरआयची फिल्म किंवा सीडी, जुने एक्स-रे, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि लिव्होफ्लॉक्सासिन कोणत्या तारखेला सुरू झालं, कोणत्या तारखेला संपलं, हे एका कागदावर लिहून न्या. भाऊजींनाही सोबत न्या. त्यांनी सुईबद्दलचे प्रश्न प्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारू देत.